साऱ्या गोळ्या एका टेबलावर : अमेरिकेतील औषध-आढाव्याचा इतिहास

एक माणूस घेत असलेली सगळी औषधे एकाच वेळी समोर मांडायची आणि प्रत्येकाविषयी तेच चार-पाच प्रश्न विचारायचे : हे कशासाठी सुरू झाले, त्याची अजून गरज आहे का, डोस बरोबर आहे का, शेजारच्या गोळीशी त्याचे जमते का, आणि ते खरोखर पोटात जाते का. औषध-आढावा म्हणजे एवढेच काम. त्याला यंत्र लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही. एक जाणकार माणूस आणि अर्धा-पाऊण तास लागतो. मेडिकेअर ही अमेरिकेतील मुख्यतः ६५ वर्षांवरच्या नागरिकांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना. तिच्या औषध विम्यातील पात्र सभासदांना वर्षातून एकदा असा आढावा विनामूल्य देणे आज विमा कंपन्यांवर बंधनकारक आहे. इतक्या साध्या कामाला कायद्यात जागा मिळायला मात्र अर्धे शतक लागले. रुग्णाशी त्याच्या औषधाविषयी बोलण्याचा अधिकार कोणाचा, हा पहिला वाद होता. तो मिटेपर्यंत दुसरा उभा राहिला : त्या बोलण्याचे पैसे कोणी द्यायचे. हा दुसरा वाद आजही पुरता मिटलेला नाही.

विसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेतील फार्मासिस्टला रुग्णाशी औषधाविषयी बोलण्याची मुभाच नव्हती. १९५१ मध्ये संमत झालेल्या डरहॅम-हम्फ्री दुरुस्तीने औषधांचे दोन कायदेशीर वर्ग पाडले : डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळणारी आणि दुकानातून थेट घेता येणारी. ही दुरुस्ती ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते कार्ल डरहॅम आणि ह्यूबर्ट हम्फ्री हे दोघेही पेशाने फार्मासिस्ट होते. चिठ्ठी लिहिणारा आणि चिठ्ठीप्रमाणे देणारा यांच्यातली रेषा त्यामुळे अधिक ठळक झाली. पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, अमेरिकन फार्मास्युटिकल असोसिएशनने आपली आचारसंहिता सुधारली. चिठ्ठीतल्या औषधाचा गुण काय किंवा त्यात घटक कोणते याची चर्चा फार्मासिस्टने रुग्णाशी करू नये, रुग्णाने विचारलेच तर त्याला डॉक्टरकडे पाठवावे, असे तिच्यात स्पष्ट म्हटले होते. बाटलीवरच्या लेबलावर त्या काळी पुष्कळदा औषधाचे नावसुद्धा नसे. रुग्ण काय घेतो आहे हे डॉक्टरला माहीत, दुकानदाराला माहीत, आणि घेणाऱ्यालाच माहीत नाही, अशी ही रचना होती. तिच्यामागे दुष्टावा नव्हता. डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातल्या विश्वासात तिसऱ्याने पडू नये, हा त्या काळचा प्रामाणिक शिष्टाचार होता. पण त्याची किंमत रुग्णाने मोजली.

याच काळात फार्मासिस्टच्या हातातले जुने कामही निसटत होते. पूर्वी तो खलबत्त्यात कुटून, वजन करून, घोटून औषध तयार करी. आता गोळ्या कारखान्यातून तयार येऊ लागल्या. १९७६ मध्ये औषधांच्या किमतींच्या जाहिरातींविषयीच्या एका खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नोंदवले की सुमारे ९५ टक्के चिठ्ठ्यांवर कारखान्यात तयार झालेलेच औषध दिले जाते. मोठ्या बाटलीतून गोळ्या मोजून छोट्या बाटलीत भरायच्या आणि लेबल चिकटवायचे, एवढ्यावर चार-पाच वर्षे विद्यापीठात शिकलेल्या माणसाचे काम आले होते. दुकानात आइस्क्रीम-सोड्याचे काउंटर, सौंदर्यप्रसाधने आणि खेळणी यांनी जागा व्यापली होती.

ही अवस्था न पटलेल्या एका फार्मासिस्टने १९६० मध्ये व्हर्जिनिया राज्यातील बेरीव्हिल या छोट्या गावात वेगळा मार्ग धरला. यूजीन व्हाइट यांनी आपल्या दुकानातला सोड्याचा काउंटर आणि किरकोळ माल काढून टाकला, आणि डॉक्टरच्या दवाखान्यासारखी बसून बोलण्याजोगी जागा केली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांनी प्रत्येक कुटुंबासाठी औषधांची नोंदपत्रिका ठेवायला सुरुवात केली. कोणी कोणते औषध केव्हा नेले, कोणाला कशाची ॲलर्जी आहे, हे सारे एका कागदावर दिसू लागले. आज संगणकावर हे क्षणात दिसते, म्हणून त्या पत्रिकेचे मोल चटकन लक्षात येत नाही. त्याआधी दुकानातल्या चिठ्ठ्या क्रमांकाने तारेला ओवून किंवा फायलीत लावून ठेवलेल्या असत. तो चिठ्ठ्यांचा संग्रह होता, माणसाचा नव्हता. औषध-आढाव्याचा आरंभ शोधायचा तर तो एखाद्या कायद्यात नव्हे, बेरीव्हिलच्या त्या नोंदपत्रिकेत सापडतो.

आढाव्याची गरज मात्र वेगळ्याच कारणाने वाढत होती. १९५०च्या दशकाअखेर थायझाइड गटातली लघवी वाढवणारी आणि रक्तदाब उतरवणारी औषधे आली. १९६० मध्ये लिब्रियम आणि १९६३ मध्ये व्हॅलियम ही मन शांत करणारी औषधे बाजारात आली. आजार बरा झाला की बंद होणारी औषधे मागे पडून जन्मभर घ्यायची औषधे पुढे आली. हृदयाचा डॉक्टर वेगळा, सांध्यांचा वेगळा, मधुमेहाचा वेगळा, अशी वाटणी झाली. प्रत्येकाने आपल्यापुरते योग्य औषध लिहिले. सगळ्या चिठ्ठ्या मिळून काय होते, हे पाहणे कोणाच्याच वाट्याला आले नाही.

त्यातून घडणारी साखळी पुढे १९९७ मध्ये पॉला रोशन आणि जेरी गुरविट्झ या दोन वृद्धोपचारतज्ज्ञांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये नेमकी मांडली. गुडघेदुखीसाठी दिलेल्या वेदनाशामकाने काही वृद्धांचा रक्तदाब वाढतो. तो नवा आजार समजून रक्तदाबाची गोळी सुरू होते. ती थायझाइड गटातली असेल तर रक्तातले युरिक ॲसिड वाढते आणि संधिवाताचा एक प्रकार, गाउट, उद्भवतो. मग त्याची तिसरी गोळी. किंवा मळमळीवर मेटोक्लोप्रामाइड दिले, त्याने हातपाय कंप पावू लागले, आणि तो पार्किन्सनचा आजार समजून लेव्होडोपा सुरू झाले. औषधाचा दुष्परिणाम नवा आजार म्हणून ओळखला जातो आणि त्यावर आणखी एक औषध चढते. प्रत्येक पायरीवरचा निर्णय सुटा पाहिला तर समजण्यासारखा असतो. चूक दिसते ती सगळ्या पायऱ्या एका नजरेत आल्यावरच. आढाव्याची सगळी उपयुक्तता या एका गोष्टीत आहे.

३० जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मिझुरीतील इंडिपेन्डन्स येथे मेडिकेअर आणि गरिबांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना मेडिकेड यांच्या कायद्यावर सही केली आणि पहिले मेडिकेअर कार्ड माजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांना दिले. मेडिकेअरमध्ये रुग्णालयाचा खर्च होता, डॉक्टरची फी होती. घरी घ्यायच्या औषधांचा खर्च नव्हता. ही उणीव पुढे चाळीस वर्षे राहिली. १९६७ मध्ये नेमलेल्या एका सरकारी कार्यगटाने औषधांच्या विम्याचा विचार केला. त्याचा अंतिम अहवाल १९६९ मध्ये आला आणि त्यात औषधांच्या वापराची पद्धतशीर तपासणी व्हावी ही कल्पना मांडली गेली. विमा आला नाही, कल्पना मात्र टिकली.

त्याच सुमारास रुग्णालयांत एक प्रयोग सुरू झाला होता. १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात नवव्या मजल्यावरील वॉर्डांमध्ये फार्मासिस्ट चोवीस तास हजर राहू लागले. तळघरातल्या औषध भांडारातून ते रुग्णाच्या खाटेजवळ आले, डॉक्टरांबरोबर फिरू लागले, डोस आणि परस्परविरोधी औषधे यांविषयी सल्ला देऊ लागले. ‘नववा मजला प्रकल्प’ या नावाने तो ओळखला जातो. क्लिनिकल फार्मसी या शाखेचे ते जन्मस्थान मानले जाते. १९६९ मध्ये व्यावसायिक आचारसंहिता बदलली आणि रुग्णाशी बोलण्यावरची जुनी मनाई गेली. १९७५ मध्ये जॉन मिलिस यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने फार्मसीकडे मालाचा व्यवहार म्हणून न पाहता ज्ञानाची व्यवस्था म्हणून पाहावे, असे सांगितले. बोलण्याच्या अधिकाराचा वाद अशा रीतीने तत्त्वतः सुटला.

पैशाचा प्रश्न पहिल्यांदा सुटला तो वृद्धांच्या शुश्रूषागृहांत. १९७४ मध्ये केंद्र सरकारने नियम केला की मेडिकेअर-मेडिकेडचा पैसा घेणाऱ्या कुशल शुश्रूषागृहांनी प्रत्येक रहिवाशाच्या औषधांची दर महिन्याला फार्मासिस्टकडून तपासणी करून घ्यावी. सल्लागार फार्मासिस्ट हा नवा पेशा त्यामुळे भक्कम झाला; त्यांची संघटना १९६९ मध्येच स्थापन झाली होती. हा फार्मासिस्ट औषध विकायला येत नसे. तो केसपेपर वाचायला येई आणि आपले म्हणणे लिहून डॉक्टरपुढे ठेवी. १९८७ च्या शुश्रूषागृह सुधारणा कायद्याने एक पाऊल आणखी टाकले. रहिवाशांना अनावश्यक औषधे दिली जाऊ नयेत, विशेषतः त्यांना शांत ठेवण्यासाठी मानसोपचाराच्या औषधांचा साखळदंडासारखा वापर होऊ नये, अशी स्पष्ट अट त्यात आली.

कोणती औषधे वृद्धांनी टाळावीत याची यादी मात्र तोवर नव्हती. ती १९९१ मध्ये मार्क बीअर्स आणि सहकाऱ्यांनी तज्ज्ञांच्या एकमताने तयार केली, तीही प्रथम शुश्रूषागृहातील रहिवाशांसाठीच. १९९७ मध्ये ती सर्व वृद्धांना लागू होईल अशी विस्तारली आणि ‘बीअर्स निकष’ या नावाने जगभर पोहोचली. तिच्यातील डायफेनहायड्रामाइन हे उदाहरण बोलके आहे. सर्दी-ॲलर्जी आणि झोपेसाठी ते अमेरिकेत कोणत्याही दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. वृद्धांमध्ये त्याने गोंधळलेपणा येतो, लघवी अडते, तोल जातो. डॉक्टरच्या कागदांत ते कुठेच नसते, कारण ते कोणी लिहून दिलेलेच नसते.

घरी राहणाऱ्या वृद्धांची औषधे पाहायला कोणीही जबाबदार नव्हते. १९८०च्या दशकात त्यासाठी एक घरगुती युक्ती रूढ झाली. घरातली सगळी औषधे किराणा मालाच्या तपकिरी कागदी पिशवीत घालून आणा, असे दुकाने आणि वृद्धांची केंद्रे लोकांना सांगू लागली. टेबलावर पिशवी रिकामी केली की मुदत संपलेल्या बाटल्या निघत, शेजारणीने दिलेल्या गोळ्या निघत, आणि पुष्कळदा एकच औषध दोन नावांनी दोन बाटल्यांत निघे : एक ब्रँडच्या नावाने, एक जेनेरिक नावाने, दोन्ही रोज घेतलेल्या. ‘ब्राउन बॅग’ आढावा हे नाव तिथूनच आले. वैद्यकाच्या इतिहासात इतक्या कमी खर्चाची आणि इतकी कामाची साधने फार नाहीत. पण हे सारे फार्मासिस्टच्या चांगुलपणावर चाले. काउंटरवर रांग लागली असेल त्या दिवशी पिशवी उघडायला कोणाला सवड नसे.

१९९० हे वर्ष दोन कारणांनी वळणाचे ठरले. चार्ल्स हेप्लर आणि लिंडा स्ट्रँड यांनी त्या वर्षी एका लेखात ‘फार्मास्युटिकल केअर’ची व्याख्या केली. औषध दिले की काम संपत नाही, त्या औषधाने रुग्णाच्या आयुष्यात अपेक्षित फरक पडला की नाही याची जबाबदारी फार्मासिस्टने घ्यावी, हे त्यांचे सांगणे. डॉक्टर आणि परिचारिका यांच्याप्रमाणे स्वतःचा रुग्ण असणारा फार्मासिस्ट त्यांना अभिप्रेत होता. त्याच वर्षाअखेर काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, अर्थसंकल्पीय तडजोडीच्या एका भल्यामोठ्या कायद्यात मेडिकेडच्या रुग्णांसाठी तीन गोष्टी घातल्या : औषध देण्यापूर्वी चिठ्ठी तपासणे, रुग्णाची नोंद ठेवणे आणि समुपदेशन देऊ करणे. १ जानेवारी १९९३ पासून ते अमलात आले आणि बहुतेक राज्यांनी तोच नियम सर्व रुग्णांना लावला.

कायद्याने समुपदेशन ‘देऊ करा’ म्हटले होते; त्याचे पैसे देऊ केले नव्हते. थोड्याच दिवसांत काउंटरवर एक वही आली. औषध नेताना रुग्ण तिच्यात सही करी, आणि त्या सहीचा अर्थ असे ‘मला काही विचारायचे नाही’. अनेकांना आपण कशावर सही केली हेही कळत नसे. ज्या कामाला मोबदला नाही ते काम सहीपुरते उरते, याचा हा ठळक नमुना होता. पुढच्या सगळ्या धडपडीमागे हा अनुभव आहे.

पैसे वाचतात हे दाखवल्याशिवाय पैसे मिळणार नाहीत, हे व्यवसायाने ओळखले. १९९५ मध्ये जेफ्री जॉन्सन आणि लाइल बूटमन यांनी बाह्यरुग्णांमधील औषधजन्य आजार आणि मृत्यू यांचा वार्षिक खर्च ७६.६ अब्ज डॉलर असल्याचा अंदाज मांडला. पण खरा दाखला हवा होता, आणि तो नॉर्थ कॅरोलायनातील डोंगराळ भागातल्या ॲशव्हिल शहरातून आला.

ॲशव्हिल नगर प्रशासन आपल्या कर्मचाऱ्यांच्या आरोग्यखर्चाचा भार स्वतःच उचलत होते. खर्च वाढला तर तो थेट शहराच्या तिजोरीवर पडे. १९९६ मध्ये मधुमेही कर्मचाऱ्यांसमोर एक सरळ व्यवहार ठेवण्यात आला. मधुमेहाचे शिक्षण घ्या, आणि ठरलेल्या फार्मासिस्टला नियमित भेटत राहा. बदल्यात मधुमेहाच्या औषधांवर आणि साहित्यावर स्वतःच्या खिशातून द्यावा लागणारा हिस्सा माफ होईल. फार्मासिस्टना विशेष प्रशिक्षण मिळाले, आणि प्रत्येक भेटीचे पैसे मालकाने, म्हणजे शहराने, द्यायचे ठरले. नंतर तिथलेच एक मोठे रुग्णालयही आपल्या कर्मचाऱ्यांसाठी त्यात सामील झाले. भेटीत फार्मासिस्ट साखरेच्या नोंदी पाही, पाय तपासे, रक्तदाब घेई, गोळ्या का चुकल्या ते विचारी आणि डॉक्टरला कळवी.

२००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच वर्षांच्या निष्कर्षांत रुग्णांची साखर अधिक आटोक्यात आलेली दिसली. औषधांवरचा खर्च वाढला होता, कारण लोक औषधे खरोखर घेऊ लागले होते. पण एकूण थेट वैद्यकीय खर्च आरंभीच्या तुलनेत दर रुग्णामागे वर्षाला १,२०० ते १,८७२ डॉलरनी घटला, आणि दोनपैकी एका मालकाकडे आजारपणाच्या रजाही दरवर्षी कमी झाल्या. या अभ्यासात तुलनेसाठी वेगळा गट नव्हता आणि स्वेच्छेने आलेले लोक मुळातच उत्साही असणार, हे त्याचे दुबळेपण खरे आहे. तरी त्यातली एक रचना पुढच्या इतिहासासाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे : फार्मासिस्टला पैसे देणारा आणि रुग्णालयाचे बिल वाचल्यावर फायद्यात राहणारा असे दोघे एकच होते.

दरम्यान मेडिकेअरमध्ये औषध विमा आणण्याचा एक प्रयत्न होऊन फसला होता. १९८८ च्या कायद्याने तो दिला, पण त्याचा भार ज्येष्ठांवरच जास्तीच्या कराने टाकला. संताप इतका झाला की ऑगस्ट १९८९ मध्ये शिकागोत वृद्धांच्या जमावाने काँग्रेसमधील बडे नेते डॅन रोस्टेन्कोव्स्की यांची गाडी अडवली. त्याच वर्षी कायदा मागे घेतला गेला. पुन्हा तसे धाडस व्हायला चौदा वर्षे गेली. त्या अवधीत, १९९९ अखेर, इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या अहवालाने रुग्णालयांतील वैद्यकीय चुकांमुळे दरवर्षी ४४,००० ते ९८,००० मृत्यू होतात असा अंदाज दिला, आणि औषधांची सुरक्षितता हा वर्तमानपत्रांचा विषय झाला.

२२ नोव्हेंबर २००३ च्या पहाटे प्रतिनिधिगृहातले मतदान जवळजवळ तीन तास खुले ठेवून मेडिकेअर सुधारणा विधेयक २२० विरुद्ध २१५ मतांनी संमत झाले. ८ डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांची सही झाली. या कायद्याने मेडिकेअरचा ‘पार्ट डी’ म्हणजे औषध विमा निर्माण केला, आणि तो खासगी विमा कंपन्यांमार्फत चालवायचे ठरवले. त्याच्याच एका कलमात प्रत्येक कंपनीने ‘मेडिकेशन थेरपी मॅनेजमेंट’, म्हणजे औषधोपचार व्यवस्थापनाचा कार्यक्रम ठेवावा, अशी अट आली. औषधांचा योग्य वापर व्हावा आणि दुष्परिणामांचा धोका कमी व्हावा, हा त्याचा हेतू. तो कोणासाठी, हेही कलमातच होते : एकाहून अधिक दीर्घ आजार असलेले, अनेक औषधे घेणारे, आणि वर्षाचा औषधखर्च सरकारने ठरवलेल्या रकमेच्या पुढे जाण्याची शक्यता असलेले सभासद. ही सेवा फार्मासिस्ट ‘देऊ शकेल’ असे शब्द होते. त्यानेच द्यावी असे म्हटलेले नव्हते. फार्मसीच्या अकरा संघटनांनी २००४ मध्ये या सेवेची एकमताने व्याख्या केली. २००८ पासून फार्मासिस्टच्या अशा भेटींसाठी बिलाचे तीन कायमस्वरूपी सांकेतिक क्रमांकही मिळाले. ज्या कामाला क्रमांक नाही त्याचे बिल अमेरिकेत होत नाही, त्यामुळे ही क्षुल्लक वाटणारी गोष्ट क्षुल्लक नव्हती.

१ जानेवारी २००६ रोजी पार्ट डी सुरू झाला तेव्हा आढाव्याकडे पाहायला कोणाला उसंत नव्हती. मेडिकेडमधून नव्या विम्यात हलवलेल्या सुमारे साठ लाख गरीब वृद्ध व अपंगांपैकी अनेकांची नावे कंपन्यांच्या संगणकांत सापडेनात. कित्येक फार्मासिस्टनी स्वतःच्या भरवशावर औषधे दिली, आणि अनेक राज्यांना तात्पुरता खर्च उचलावा लागला. आढाव्याचा कार्यक्रम कसा चालवायचा हे पहिल्या वर्षांत बहुतांशी कंपन्यांवर सोडलेले होते. खर्चाची मर्यादा वर्षाला ४,००० डॉलर होती. काही ठिकाणी फार्मासिस्टशी खरी भेट होई. काही ठिकाणी टपालाने एक माहितीपत्रक येई आणि कार्यक्रम झाला असे मानले जाई. सभासदाने स्वतः नाव नोंदवले तरच त्याला घ्यायचे, असाही प्रकार होता. ज्याला आढाव्याची सर्वांत जास्त गरज, तोच अशा पत्राला उत्तर देण्याची शक्यता सर्वांत कमी, हे कोणाही घरच्या माणसाने सांगितले असते.

२०१० मध्ये सरकारने लगाम आवळला. पात्र सभासद आपोआप कार्यक्रमात गणला जाईल, नको असेल तर त्याने नकार द्यावा. पात्र लोकांचा शोध दर तीन महिन्यांनी घ्यावा. वर्षातून एकदा संपूर्ण आढावा प्रत्यक्ष बोलूनच व्हावा, आणि दर तिमाहीला नोंदींची तपासणी व्हावी. कंपनीला तीनांहून अधिक आजारांची किंवा आठांहून अधिक औषधांची अट घालता येणार नाही. खर्चाची मर्यादा ३,००० डॉलरवर आणली. २०१३ पासून आढाव्यानंतर सभासदाला द्यायच्या कागदांचा एकच नमुना ठरला : एक पत्र, काय करायचे याची यादी, आणि सर्व औषधांची यादी, जिच्यात दुकानातून आणलेल्या गोळ्या, जीवनसत्त्वे आणि वनौषधीही येतात. हे कागद चौदा दिवसांत पोहोचले पाहिजेत. बेरीव्हिलची पत्रिका दुकानात राहत असे. ही यादी रुग्णाच्या हातात येऊ लागली. खिशात घालून ती कोणत्याही डॉक्टरपुढे ठेवता येते, हा या सेवेचा सर्वांत टिकाऊ लाभ म्हणता येईल.

घोडे अडले ते पैशाच्या वाटेवर. पार्ट डीचे आढावे कंपनीच्या प्रशासकीय खर्चातून होतात. दर आढाव्यामागे सरकार वेगळे पैसे देत नाही. केवळ औषधांचाच विमा विकणाऱ्या कंपनीने आढावा नीट केला, आणि त्यामुळे वृद्धेचे रुग्णालयात जाणे टळले, तर वाचलेला पैसा मेडिकेअरच्या दुसऱ्या खात्यात राहतो. कंपनीच्या वाट्याला येतो तो आढाव्याचा खर्च, आणि रुग्ण औषधे नियमित घेऊ लागल्याने वाढलेले औषधांचे बिल. ॲशव्हिलमध्ये एकाच खिशात असलेले दोन हिशेब इथे दोन खिशांत गेले. त्यामुळे बहुतेक कंपन्यांनी नियमात बसतील तेवढ्या कडक अटी निवडल्या : तीन आजार, आठ औषधे. हे काम फोनवरून करणारी मोठी केंद्रे उभी राहिली. ओळखीच्या काउंटरवरचा फार्मासिस्ट बाजूला पडला, आणि अनोळखी क्रमांकावरून येणारा फोन वृद्ध मंडळी फसवणुकीच्या भीतीने उचलेनात.

किती पात्र सभासदांचा वार्षिक आढावा पूर्ण झाला, हे प्रमाण २०१६ पासून विमा योजनांच्या तारांकनात, म्हणजे गुणवत्तेनुसार तारे देण्याच्या सरकारी पद्धतीत, मोजले जाऊ लागले. तारे वाढले की कंपनीचे नाव होते, त्यामुळे आढाव्यांची संख्या वाढली. मोजला जात होता तो झालेला आढावा. त्यातून कोणती गोळी बंद झाली, कोणाचे पडणे थांबले, हे नव्हे. इंग्लंडने हाच धडा वेगळ्या वाटेने घेतला होता. तिथे २००५ पासून दुकानातल्या फार्मासिस्टने केलेल्या औषध-वापर आढाव्याला दर खेपेस ठरावीक फी, पुढे २८ पाउंड, मिळे. एका दुकानाला वर्षाला ४०० ची मर्यादा होती. दुकाने मर्यादा गाठण्यामागे लागली, गरजू रुग्ण मागे राहिले, आणि २०२१ मध्ये ती सेवा बंद झाली. तिच्या जागी दवाखान्यांशी जोडलेल्या फार्मासिस्टकडून निवडक रुग्णांचे सखोल आढावे सुरू झाले.

दोन खिशांची अडचण सोडवून पाहण्यासाठी अमेरिकेने २०१७ ते २०२१ असा पाच वर्षांचा प्रयोग केला. ॲरिझोना, फ्लोरिडा, लुइझियाना, व्हर्जिनिया आणि वरच्या मिडवेस्टमधील सात राज्यांत सहा कंपन्यांना कार्यक्रम आपल्या पद्धतीने आखण्याची मोकळीक आणि वेगळे पैसे दिले. रुग्णालय-डॉक्टरांचा खर्च वाचला तर त्यांना बक्षीसही होते. अंतिम मूल्यमापनात त्या खर्चात लक्षणीय घट दिसली नाही. यावरून आढावा निरुपयोगी ठरत नाही. फोनवरच्या एका संभाषणाने फार काही बदलत नाही, एवढा अर्थ त्यातून काढता येतो. फार्मासिस्टची सूचना डॉक्टरपर्यंत पोहोचणे, त्याने ती वाचणे आणि चिठ्ठी बदलणे, या पुढच्या तीन पायऱ्यांवर कार्यक्रमाचा ताबा फारच थोडा होता.

याच वर्षांत पात्रतेची रक्कम मात्र निमूटपणे वर सरकत होती. औषधखर्चाच्या दरवर्षीच्या वाढीला जोडलेली ती २०२४ मध्ये ५,३३० डॉलरवर पोहोचली. उलट रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल यांच्या जुन्या औषधांची स्वस्त जेनेरिक रूपे आली होती. रोज दहा-बारा स्वस्त गोळ्या घेणारी म्हातारी, जिच्या पिशवीत गोंधळ होण्याची शक्यता सर्वाधिक, ती खर्चाच्या अटीत बसेना. एकच महागडे औषध घेणारा सहज त्या रकमेपर्यंत पोहोचे. २०१० मध्ये सुमारे २५ टक्के सभासद पात्र ठरतील अशी सरकारची अपेक्षा होती. प्रत्यक्षात हे प्रमाण ७ टक्क्यांच्या आसपास आले. औषधे स्वस्त झाल्यामुळे आढाव्याचा हक्क हिरावला जाणे हा या सेवेच्या इतिहासातला सर्वांत मोठा अन्याय होता, आणि तो कोणी ठरवून केलेला नव्हता.

एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालेल्या नियमांनी तो बराचसा दूर केला. खर्चाची मर्यादा आठ जेनेरिक औषधांच्या सरासरी वार्षिक खर्चाला बांधली गेली आणि २०२५ साठी ती १,६२३ डॉलर झाली. कोणते आजार मोजायचे हे कंपन्यांनी निवडण्याऐवजी दहा मुख्य दीर्घ आजारांची यादी सर्वांना लागू झाली. तिच्यात एचआयव्ही-एड्सचा नव्याने समावेश झाला. नियमित घ्यायची सर्व औषधे मोजणेही बंधनकारक झाले. पात्र सभासदांचे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांपर्यंत, म्हणजे जवळपास दुप्पट होईल, असा सरकारी अंदाज होता. आठ औषधांची अट मात्र राहिली. सात औषधे घेणाऱ्याला कंपनी आजही वगळू शकते. डॉक्टरच्या फीचा खर्च देणाऱ्या मेडिकेअरच्या भागात फार्मासिस्टला स्वतंत्र सेवादाता म्हणून मान्यता नाही, आणि ती मिळावी यासाठीची विधेयके काँग्रेसमध्ये पुन्हा पुन्हा मांडली जातात.